ताम्हणाच्या पाठीवर

दादांच्या अल्बममध्ये एक जर्मन बाई होती.
निळसर, नखाएवढी, उजवा कोपरा कुरतडलेला.
लिंडनहाऊची राणी ओटिलिए.
राणी म्हणजे राजाची बायको, एवढंच, दादा सांगायचे,
गादी तिची नव्हे,
गादीशेजारची खुर्ची तिची.
तो मुलूखही आता नकाशात नाही,
तिकीट तेवढं उरलं.

दादा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये खोदकामाला.
भोंगा, गेट, झडती,
जाताना खिसे उलटे, येतानाही.
कागदाचा कपटासुद्धा घरी आणायची सोय नाही.
म्हणून नोकरी घरी यायची ती बोटांतून:
जेवता जेवता ताटाच्या कडेला, सांडलेल्या आमटीत,
नखानं समांतर रेघा ओढत राहायचे.
आजोबा तांबट आळीत हंडे ठोकायचे.
त्यांनी ठोकलं, मी कोरतो, दादा म्हणत.

रविवारी नेहरूनगरच्या क्वार्टरात भिंग निघायचं.
हिच्या गालावर बघ, त्रेचाळीस रेघा.
आणि ओठाखाली एकही नाही.
तिथे कोरणारा थांबलाय.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी तिचं सगळं घराणं मांडलं होतं.
सतराव्या वर्षी लग्न, नवरा पाहिला तो आदल्या रात्री.
नऊ मुलं.
तीन पाळण्यातच गेली, त्यांच्या जागी नुसती टिंबं.
थोरली उत्तरेला दिली, मधली पूर्वेला,
पुढे लढाई लागली तेव्हा दोन्ही जावई
एकाच नदीच्या दोन काठांवर, तोफा घेऊन.
'म्हणजे एक पंचवटीत अन् एक इकडे,' आई म्हणाली,
'मग दिवाळीला कोणती लेक आली?'
दादांना हे ठाऊक नसायचं.
त्यांच्या पुस्तकात तहांच्या तारखा होत्या.

'आणि माहेरी गेली का कधी?'
एकदा. बाप वारल्यावर. अकरा दिवस घोडागाडीत,
पोचली तोवर सगळं उरकलं होतं.

'नाव तरी तेच राहिलं?'
नाही. सासरचा पंथ वेगळा, तिथे नवं ठेवलं.
आधी ती फ्रीडेरिके.

आईचा हात सुपात थांबला.
तिचं शुभांगी हे नाव
ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं.
येवल्याला ती अजून ठकीच होती.
मग मान वर न करता तिनं राणीच्या वतीनं उखाणा घेतला:
चांदीच्या वाटीत बेदाणे घेतले मोजून,
लिंडनहाऊच्या राजांचं नाव घेते, माझंच गेले विसरून.
दादा खूप हसले.
मग भिंग पुसत बसले, बराच वेळ.

आई जाऊन दोन वर्षं झाल्यावर
देवघर आवरताना ताम्हण हातात पालथं आलं.
पाठीवर रेघा, सुईनं ओढलेल्या.
एक गाल. एक कान, कानाशी सुटलेले केस.
मुकुट नाही, नथ नाही,
ओठाखाली जागा मोकळी.
खिडकीशी नेऊन मोजायला लागले,
अकरापर्यंत लागल्या.
पुढे चिंच, राख,
आणि तीस वर्षांच्या सकाळी.
रोज घासताना तिच्या बोटांना लागलं असेल का काही?
की लागलं होतं, म्हणूनच इतकं घासलं?

दादांना हल्ली माणसं ओळखू येत नाहीत.
भोंग्याच्या वेळेला उठून उभे राहतात, खिसे उलटे करतात.
ताम्हण त्यांच्या हातात दिलं, पालथंच.
अंगठा गालावरून हळूहळू खाली आला
आणि ओठाखाली थांबला.
ही कोण, मी विचारलं. दोनदा विचारलं.

'चिंच कमी लावायला सांग तिला,' म्हणाले.