पान चौदा, चित्र दुसरं

बडोद्यात, खारीवाव रोडवर, दुसऱ्या मजल्यावर
मी एक आई काढतो.
तेवीस वर्षं तीच.
अंबाडा, एप्रन, हातात कालथा,
खाली मोठ्या टाइपात: मदर कुक्स.
एप्रन मी कुणाच्याच अंगावर पाहिलेला नाही
दांडिया बाजारापासून मांडवीपर्यंत,
पण किरीटभाई म्हणतात,
इंग्लिशमधली आई आहे, राहू दे.

शेजारच्या चौकटीत फादर.
त्याला खुर्ची लागते, चष्मा, पेपर.
पेपरवर अक्षरं नाहीत, नुसत्या आडव्या रेघा,
त्या तो तेवीस वर्षं वाचतोय.
राजू झाडावर. रीना झाडाखाली, बाहुली घेऊन.
एकदा मी रीनाला फांदीवर बसवलं होतं.
फोन आला: फ्रॉक आहे हो तिला, खाली उतरवा.
उतरवली.
पेन्सिलीतली पोर, खोडायला कितीसा वेळ.

हे सगळं मी ओट्याशेजारी बसून काढतो,
उजेड तिथे बरा,
आणि शिट्ट्या मोजायच्या असतात.
माणिक आठला स्कूटर काढते.
वीज कंपनीत आहे. वादळात तारा तुटल्या
की हेल्मेट घालून माणसांना शिडीवर चढवते,
कधी स्वतःच चढते.
परतल्यावर विचारते, काय केलंस आज?
आमटी, मी म्हणतो. आणि एक आई.

त्या मंगळवारी घाई होती.
फोडणी देऊन तसाच बसलो
आणि फादरच्या अंगठ्यावर
हळदीचा डाग पडला.
पेपर धरलेला अंगठा, पिवळाजर्द.
पांढऱ्या रंगाने झाकला असता.
ब्रश बुडवलाही.
मग तो तसाच पाण्यात उभा ठेवून दिला.

किरीटभाईंना दिसला नाही. छापखान्यालाही नाही.
जूनमध्ये पुस्तकं आली.
खालच्या मजल्यावरची धारा जिन्यात बसून
बोट ठेवून वाचत होती: फादर रीड्स.
थांबली.
बोट चाटलं, डागावर घासलं.
निघेना.
अंकल, याने जेवून हात नाही धुतले?

मी जिना चढत होतो, हातात कोथिंबीर.
म्हटलं, जेवून नाही गं...
वर शिट्टी झाली.
अरे, कितवी ही? तिसरी?
चौथी, ती म्हणाली,
आणि पान उलटलं.