तिथीची पाऊणपट

मच्छीमार सोसायटीच्या हॉलात
बर्फाच्या मशीनची घरघर ऐकत
मी चौदा जणांना शिकवायला बसलो होतो.
तीन लॅपटॉप, अकरा फोन,
पडदा म्हणून तांडेलांच्या घरची पांढरी चादर.
तिच्या कोपऱ्यातला हळदीचा डाग
दिवसभर आडखोलच्या खाडीवर पडून राहिला
बेटासारखा.

मी सांगत होतो :
हा नकाशा कुणाच्या मालकीचा नाही,
यात तुमची पाणंद घाला, विहीर घाला, स्मशान घाला.
हे सॉफ्टवेअर उघडं आहे,
पोट फाडून आत काय आहे ते कुणीही बघावं.
“बांगड्यासारखं,” नफिसा होडेकर म्हणाली.
माझ्या टिपणांत याहून बरी उपमा नव्हती.

मग माहितीच्या अधिकारात आलेला कागद लावला.
खारबंधारा, लांबी सहाशे चाळीस मीटर,
काम पूर्ण,
खर्च एक्केचाळीस लाख साठ हजार.
खाली शेरा : पुढील पावसाळ्यात वाहून गेला.
सोबत फोटो.
कोरड्या चिखलात एक साहेब,
पँटची इस्त्री शाबूत, मागे बांध.
बावीस जानेवारी, सकाळी सव्वाअकरा.

फोटोच्या पोटातली माहिती कशी काढायची
ते दाखवायला गेलो. पोट रिकामं.
छापून, शिक्का मारून पुन्हा स्कॅन केलेला फोटो
आपली जन्मवेळ विसरलेला असतो.
उपग्रहाच्या फुकट चित्रात
एक ठिपका दहा मीटरचा, बांध तीन मीटर रुंद.
असेलही. नसेलही.
मी चहा सांगितला.
शिक्षक अडला की चहा सांगतो.

इंदुमती कुबल दाराशी बसली होती,
कालवं फोडायची कोयती शेजारी ठेवून.
सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती.
“त्या दिवशी तिथ खंयची?”
कुणीतरी कॅलेंडरची पानं मागे उलटली.
पौर्णिमा.
“पंधरा. पंधराची पाऊणपट?”
बोटांच्या पेरांवर तिनेच मोजलं.
“सवाअकरा. म्हंजे पुरी भरती, वर उधाणाचा पाणी.
त्या येळाक थंय माझ्या गळ्यापर्यंत येता.
ह्यो मेलो सुको कसो?”

नेमकी तेव्हाच वीज गेली.
मशीन थांबलं, खाडी विझली,
चादरीवर डाग तेवढा उरला.

रात्री मी बंदर खात्याचं भरतीचं कोष्टक शोधलं.
अकरा वाजून अठ्ठावीस.
तेरा मिनिटांचा फरक,
तिचा की कोष्टकाचा, कोण जाणे.
हे गणित शिकवलं कुणी, असं मी तिला विचारलं होतं.
“शिकवतलो कोण? सगळ्यांका येता.”
आणि मी रत्नागिरीहून बॅग भरून
हेच तर शिकवायला आलो होतो,
सगळ्यांना येईल असं काही.

आन्सेल्मने बातमीचं पहिलं वाक्य लिहिलं : चोर सापडला.
मी खोडलं. आपण काय पाहिलं?
त्याने दात ओठ खात लिहिलं :
फोटोतली वेळ आणि खाडीतलं पाणी जुळत नाही.
“एवढ्यान काय होतला?”
मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुकतीला बांधावरून चाललो.
फोन पावलांची रेघ ओढत होता.
दोनशे अकराव्या मीटरला बांध संपला.
पुढे चिखल, तिवरं,
दगडांचा एक ढीग, त्यावर बगळा.
आम्ही थांबलो. आन्सेल्म थांबला नाही.
पाणी चढू लागलं होतं,
गुडघा, मांडी, कंबर,
फोन डोक्यावर धरून तो सहाशे चाळीसपर्यंत गेला.

ती रेघ आता नकाशावर आहे.
थोडी मातीवर, बाकी पाण्यावर.
शेवटच्या टोकाला त्याने खूण घातली :
इथे साहेब उभे होते.
आपण पाहिलं का, मी म्हटलं.
तो माझ्याकडे बघत राहिला,
मग ओल्या अंगठ्याने एकच शब्द जोडला.

इथे साहेब उभे होते म्हणे.