भरती किती वेळ टिकते

एप्रिलात चोडणचा वारा डोंगरावरच्या भट्टीतून उतरतो.
बोंडूंचा वास, आंबूस, गोड, ओळखीचा.
खिडकी लावली तरी कौलांच्या फटीतून येतो
आणि खाटेच्या कडेला बसतो,
उसने पैसे मागायला आलेल्या मेव्हण्यासारखा.

हुर्राकाचा मोसम. माझा दुसरा कोरडा.
तिसरा म्हटलं असतं,
पण एक शिगम्याच्या रात्री वाहून गेला.
कायतान म्हणतो, वाहून गेलेलं मोजू नकोस,
लपवूही नकोस.

मी मानशीवर असतो.
खाजनाच्या बांधातलं लाकडी दार,
त्याला आम्ही मानस म्हणतो.
शहरातले पाहुणे हसतात, मनालाही तेच म्हणतात म्हणून.
भरतीला मांडवी ढकलते, दार मिटतं.
ओहोटीला आतलं पाणी ढकलतं, दार उघडतं.
माझं काम एवढंच,
फळ्यांत अडकलेली काटकी, चिंधी, बाटली काढायची.
नाहीतर बोटभर फटीतून खारं पाणी
अख्ख्या भातशेतीचं वाटोळं करतं.

बावीस वर्षं हे केलं, पिऊन.
कळलं परवा-परवा.

कायतान फेरीबोटीवर दोर टाकायचा. आता पेन्शनीत.
दर मंगळवारी कपेलामागच्या खोलीत
आठ प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतो.
सहाजण येतो आम्ही.
उरलेल्या दोन तो कधी उचलत नाही.

मध्यरात्री फोन केला तरी उपदेश नाही. विचारतो,
जेवलास?
कोणावर चिडलायस?
घरात कोण आहे?
काल झोपलास किती?
बहुतेकदा मी पहिल्यालाच सापडतो.
वाटीभर पेज, खारातली कैरी,
आणि कळतं, भूक होती ती,
तलफेचे कपडे घालून आलेली.

कधी नसते भूक. तेव्हा घड्याळ.
पहिल्यांदा लावलं तेव्हा एकोणीस मिनिटं भरली.
मानशीच्या दगडावर बसून, हात मांड्यांखाली दाबून,
पाणी चढताना बघत राहिलो.
वाटलं, हे आता चढतच राहणार.
चढत राहिलेली भरती मी जन्मात पाहिलेली नाही,
पण आतल्या भरतीवर
बांधावरच्या माणसाचाही विश्वास नसतो.

सहा महिने पणजीला मयेवरून गेलो,
धक्क्याशेजारचा बार नको म्हणून.
लोक म्हणाले, फेरी सोडून एवढा वळसा?
म्हटलं, बसमध्ये वारा छान लागतो.
भाच्याच्या लग्नात आधीच कोकम सरबताचा ग्लास धरला.
रिकाम्या हाताला कोणीही काहीही देतं.

पगार बायकोकडे. तिनं मागितला नव्हता.
सुचेता मात्र अजून
झाकण फिरल्याचा आवाज आला की मान वळवते.
परवा मी खोबरेल तेलाची बाटली उघडत होतो.
तिनं पाहिलं, मग पुस्तकात पाहिलं.
मी काही बोललो नाही.
बोलण्याचं खातं माझं केव्हाच बुडालंय,
आता रोज चार आणे भरतो.

काल रात्री अकराला फोन वाजला. कायतान.
सतरा वर्षं झालीत त्याला.
बराच वेळ नुसता श्वास.
मग म्हणाला, आज तिची वरसल होती,
सगळे जेवून गेले,
मागच्या परड्यात कोणीतरी अर्धी विसरलंय.

मला सुचेना. जे येत होतं तेच विचारलं.
जेवलास?
ना.
घरात कोण आहे?
कोणी ना.
परड्यात जाऊ नको, म्हटलं, घड्याळ लाव.
पुढच्या दारात बस, मला दिसशील असा.

डब्यात पेज भरली, सायकल काढली.
भट्टीच्या वळणावर वास भेटला,
दोन वळणं सोबतही आला.
थांबायला वेळ नव्हता,
पेज सांडत होती.