खाऱ्या पाण्याची वही

समुद्र मी अजून पाहिला नाही.
तो माझ्याकडे येतो, दर सोमवारी,
बजाजनगरच्या एका तळघरात, टाकीच्या पाण्यात.
मी तो मोजते, वहीत लिहिते.
पहिला आठवडा, क्लोराइड : नऊशे चाळीस.
एकशे बारावा : सदतीस.
खाली सही : सु. डो. निनावे.

टाकीत एक लोखंडी दांडा आहे, आठ ठिकाणी वाकवलेला.
आठ माणसं रांगेत बसून तो फिरवायची
आणि बोट पाण्याखालून चालायची.
इंजिन नव्हतंच.
दोन चाचण्या पार पडल्या, तिसरीला ती वर आली नाही.
काठावरची माणसं कंदील धरून उभी राहिली;
पहाटे त्यांनी वाती खाली केल्या,
तेल महाग होतं.

सव्वाशे वर्षांनी एका ट्रॉलरचं जाळं कशात तरी अडकलं.
जाळं फाटलं म्हणून खलाशांनी शिव्या दिल्या, आधी.
मग क्रेन आली.
पोटातला गाळ चमच्यानं काढला म्हणे, चौदा महिने.
बोट तिकडेच राहिली.
दांडा आणि एक ढेकूळ नागपूरला आलं,
कारण मोठं एक्स-रे यंत्र इथं आहे,
आणि मोहरील मॅडम म्हणतात,
कारण इथल्या हवेत मीठ नाही.

ढेकळात बटण दिसलं, बटणाच्या मागे दोरा.
दातांच्या डॉक्टरचं हत्यार घेऊन मी पाच महिने
टवका टवका काढत बसले.
बाहेर सेहेचाळीस डिग्री, कूलरच्या जाळीवर पांढरे क्षार,
आत तळहाताएवढं कापड.
अहवालात लिहिलं :
वस्त्राचा तुकडा. मूळ अज्ञात.
आसन पाचवे. व्यक्ती निनावी.

शेवटच्या शब्दापाशी पेन अडलं.
वेलांटीच्या जागी मात्रा दिली असती
तर तो आमच्याच घरचा झाला असता.

बाबांना बोलावलं, गोळीबार चौकातून.
पंचेचाळीस वर्षं ते मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले,
कमरेपर्यंत जमिनीत.
माग भंगारात गेला, किलोच्या भावानं.
गुडघे अजून त्याच कोनात असतात.

भिंगातून त्यांनी बराच वेळ पाहिलं.
"बाजारचं नाही हे. घरी विणलं कोणीतरी.
इथं दोरा तुटला होता, पाह्य. गाठ मारली.
डावखुऱ्याची गाठ होय."
मॅडमनी विचारलं, आधार काय?
"मी डावखुरा आहो, बाई."

मग दांड्याकडे वळले. पाचवी जागा कोणती, विचारलं.
हात लावू दिला नाही आम्ही,
म्हणून हवेतच एकदा फिरवला, सावकाश.
"एकानं सोडलं का बाकीच्याईले जड लागते.
अंधारात त्याईले तेवढंच समजलं असन,
कोण गेला ते नाही,
जड झालं एवढंच."

हे अहवालात लिहिता येत नाही.
मॅडमनी एक ओळ घातली :
गाठ डावखुरी, शक्यता.
बाबांना बसस्टॉपवर सोडताना
मी त्यांच्या डाव्या बाजूनं चालले.

जुनं पाणी मी मोरीत सोडते.
मोरी नाग नदीत, काळ्या फेसात, पुलाखाली प्लास्टिक,
नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला,
पुढं प्राणहिता, गोदावरी,
आणि समुद्र. पण दुसरा.
बोट बुडाली पश्चिमेला,
तिचं मीठ मी पूर्वेला धाडते आहे
आणि कुणी मला अडवलेलं नाही.

झिरो माइलच्या या गावात
वहीत शून्य लिहायचं नसतं, मॅडम सांगतात,
लिहायचं : मोजता येण्याच्या खाली.
त्या दिवशी दांडा बाहेर निघेल, वाळेल, काचेत जाईल.

बाबा फोनवर विचारतात, किती उतरलं?

एकशे तेरावा आठवडा.
छत्तीस.