परवा

शुक्रवारी शिवोलीची बस म्हापशाच्या बाजारात रिकामी व्हायची
आणि सगळ्यात शेवटी उतरायच्या लिबेराता टीचर,
एका हातात चोरिसांची माळ,
काखेत चपलांचा खोका, सुतळीनं आवळलेला.
"यात मेलेले आहेत," म्हणाल्या, "सांभाळून उघड."

अकराशे चिठ्ठ्या.
ज्या इंग्रजी शब्दांना इंग्रजांनीच घराबाहेर काढलं
त्यांना ह्या बाईंनी चाळीस वर्षं
उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर आसरा दिलेला.
"वही बांध. जुज बांधणी, दोऱ्यानं.
गोंद नको. गोंद दोन पावसाळ्यांत शब्द फिरवतो."

मी दहावीला इंग्रजीतच आडवी झालेली.
पण टीचरच्या डोळ्यांत मधोमध
कुणीतरी काळं बटण शिवलं होतं,
कडेकडेनंच दिसायचं त्यांना.
म्हणून मी अक्षर अक्षर वाचायचं,
त्यांनी अर्थ सांगायचा,
चिठ्ठीमागे मी मराठी लिहायचं,
खळ शिजेपर्यंत.

ग्रोक: दुसरा जेवताना टक लावून बसणं, बोलावतील म्हणून.
दारातल्या काळ्या कुत्र्याकडे आम्ही एकदमच पाहिलं.
मी लिहिलं, आशाळभूत.
टीचरनी तो शब्द तीनदा तोंडात घोळवला.
"ह्यात भूत आहे गो. आमच्यात नाही."

ॲप्रिसिटी: थंडीतल्या उन्हाची ऊब.
"आपल्याकडे जानेवारीत चार दिवस असते ती,
सकाळी सात ते साडेसात,"
असं म्हणून खुर्ची सरकवली, पाय उन्हात ठेवले.
मे महिना होता.

मम्पसिमस: चूक दाखवली तरी चूकच धरून बसणारा.
मी वर पाहिलं.
बापानं रंगवलेली पाटी, 'बुक बायडिंग',
पहिल्या अनुस्वाराला जागाच ठेवली नव्हती.
बत्तीस वर्षं गिऱ्हाइकं सांगत राहिली.
तो म्हणायचा, मी पानं बांधतो, टिंबं नाही.
ह्याला मराठी शब्द सापडेना.
चिठ्ठीमागे त्याचं नाव लिहिलं, पुरसो.

मधेच मी चिडवायची,
"पोर्तुगीज गेले, आणि चावी, बिजागरी इथंच विसरले."
"नेली असती तर दारं कशी उघडली असती तुम्ही?"

ग्रबल: अंधारात हातानं शोधणं.
हा त्यांनी मला वाचू दिला नाही.
स्वतःच काढला खोक्यातून, बोटांनी,
कोपरा दुमडून ठेवलेला.
मी लिहिलं, चाचपडणे.
म्हणाल्या, "मोठ्या अक्षरात लिही."

मग ओव्हरमॉरो. उद्याच्या पलीकडचा दिवस.
"हासुद्धा टाकून दिला? मग आता काय म्हणतात ते?"
"उद्याच्या नंतरचा दिवस. एवढं लांबलचक."
मी विचारही न करता लिहिलं, परवा.
"आणि कालच्या आदला?"
"तोही परवा."
टीचर हसल्या, खळीतली काठी पडेस्तोवर.
"मग कळतं कसं, बाय?"
"क्रियापदावरून," मी म्हटलं.
त्या गप्प झाल्या.
शाळेत कुणी मला असं गप्प होऊन ऐकलं नव्हतं.

वही झाली. लाल कापडाचा कणा,
खळीत मोरचूद जरा जास्तच पडला, कसर लागायची नाही.
शिकंज्यातून काढून वरच्या फळीवर ठेवलीय.
मागे सोळा पानं कोरी सोडलीत,
मेलेले वाढतच असतात, त्याच म्हणालेल्या.

हिशेबाच्या वहीत मी कधी पूर्ण वाक्य लिहीत नाही:
'लिबेराता टीचर. जुज, कापडी. येणे साठ. परवा.'
तारीख घातलेली नाही.
क्रियापद नाही.

शुक्रवारी शिवोलीची बस येते.
दारात कुत्रा, आत मी,
शेवटचा माणूस उतरेपर्यंत बघत बसतो.