पाण्याच्या खात्यात

शारजात ऑगस्टमध्ये भिंतींनाही घाम फुटतो.
रोल्याच्या मागच्या गल्लीत, इमारतीच्या पाठीवर
एकशे बारा एसी, एकशे बारा नळ्या
आणि खाली बारमाही वाटावी अशी ओल,
तिच्यावर शेवाळ. वाळवंटात, शेवाळ!
नाझिम परकारने तिथे रात्री अकराला
रंगाची रिकामी बादली ठेवली.
फजरला उठला तेव्हा ती काठोकाठ होती.

तो माझ्याकडे आला, कारण हिशेब मी लिहिते.
दाभोळचा माणूस, बोलण्याआधी हसतो.
"सुनेत्राबाई, हे पाणी कुणाचं?"
"कुणाचंच नाही."
"मग आपलं."
एवढीच झाली कंपनीची स्थापना.

थेंबे थेंबे तळे साचे, हे शाळेत घोकलं होतं.
ते तळं विकत कोण घेणार
हे बाईंनी सांगितलं नव्हतं.

रोपवाटिकेवाला म्हणाला, झाडांना चालेल, फुकट असेल तर.
गाड्या धुणारी पोरं नुसतीच हसली;
ती आधीपासून आमच्याच बादल्यांतून नेत होती.
बॅटरीवाल्याने मात्र काचेच्या नळीत धरलं,
दिव्यापुढे फिरवलं, सोनाराने खडा फिरवावा तसं.
"साफ आहे. रोज मिळेल?
आणि डिसेंबरात?"

डिसेंबरात.
नाझिमने माझ्याकडे पाहिलं, मी वहीकडे.
डिसेंबरात इथे लोक खिडक्या उघडतात.

टाक्या चार, पाइप, गाळण्या, पिकअपचं भाडं,
क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र.
जमा: एकोणचाळीस दिरहम.
खर्च: लिहिला, मोठ्याने वाचला नाही.
मुलाच्या स्कूलबसचे पैसे मी एका महिन्यापुरते
दुसऱ्या रकान्यात नेऊन बसवले.
असल्या रकान्याला नाव नसतं.

मग एका दुपारी इमारतीचा मॅनेजर खाली आला.
अबू ताहेर. ही गल्ली तो नेहमी
कंदुरा घोट्यावर उचलून, चवड्यांवर ओलांडायचा.
त्या दिवशी दोन्ही हात मोकळे होते.
चालत आला, सरळ, रुंद पावलं टाकत,
आणि मध्येच थांबून परत चार पावलं मागे गेला,
फक्त चालून बघायला.
"पलीकडच्या दोन इमारतीही माझ्याकडे आहेत. किती घ्याल?"
मी लिटरचा भाव सांगू लागले.
"पाणी? पाण्याचं मी काय करू?"
त्याने चपलेने फरशी वाजवली.
कोरडी वाजली.

रात्री मी वही उलटी धरली.
विकायला निघालो होतो पाणी,
गिऱ्हाईक लागलं पाणी नसण्याला.
जे खर्चात कुजत पडलं होतं,
पाइप, टाक्या, नाझिमचं शिडीवर चढणं,
तेच दुकान होतं. आम्ही त्याच्या ओट्यावर बसून
भलतंच काही विकत होतो.

लायसन्सच्या खिडकीतल्या मुलीने विचारलं,
"प्रकार? प्लंबिंग, सफाई, पाणीपुरवठा?"
न गळण्यासाठी चौकट नव्हती.
सफाईवर खूण केली. ती तरी खोटी नव्हती.

दर नळीमागे, दर महिन्याला, वर्षभर.
अबू ताहेरने पेन उचललं आणि अडला:
"डिसेंबरातही?"
"डिसेंबरात नळ्या आतून धुतो," नाझिम म्हणाला.
त्या क्षणापर्यंत आम्ही धूत नव्हतो.
तेव्हापासून धुतो.

पाणी बॅटरीवाल्याला जातं, उन्हाळ्यापुरतं.
वहीत ते 'इतर'मध्ये येतं, शेवटून दुसरी ओळ.

परवा अजमानला एका भिंतीवर
आमच्यासारख्याच निळ्या टाक्या दिसल्या.
माझ्या पोटात गोळा आला.
नाझिम वाकला, सांध्यावर बोट फिरवलं, हसला,
मग बोलला: "उतार उलटा दिलाय. मे उजाडला की कळेल."
आणि खिशातलं आमचं कार्ड काढून
पहारेकऱ्याच्या खुर्चीवर, चहाच्या ग्लासाखाली
नीट ठेवून दिलं.