सत्तावन्न मार्च

औद्रोनेचा जन्म सतरा मार्चचा.
कागदावर मात्र ती जन्मली सत्तावन्न मार्चला.

हॅमरफेस्टच्या इस्पितळात, बॉयलरशेजारच्या खोलीत
आस्लाउग नव्या पोराला समजावते:
चार दिवसांसाठी आलेल्या माणसाच्या तारखेत
सरकार पहिल्याच अंकात चार मिळवतं,
लांबूनच कळावं, पाहुणा आहे.
आम्ही इस्पितळवाले घाईत असलो
की चार महिन्यात मिळवतो:
सतरा तारीख, त्रेचाळिसावा महिना.
आणि इथेच राहिलीस की चार परत घेतात.
सतरा मार्च. आई सांगायची तशी.

तिन्हीकडे अकरा अंक.
रांगेत उभे केले तर सख्खे भाऊ वाटावेत.

चौथा आकडा नऊने सुरू होतो,
आणि त्यात तारीखच नाही.
फेब्रुवारीतल्या एका रात्री
बोत्सफ्योर्डच्या मासळी कारखान्यात अमोनियाची नळी फुटली,
हेलिकॉप्टरमधून एक बाई उतरवली,
रबरी एप्रन, खिशात सुरीला धार लावायचा दगड,
आणि नावगाव काहीच नाही.
दोन वाजता कुणीतरी पेनिसिलिन टोचलं.
मानेवर गांधी उठल्या, श्वास अडकला,
पहाटेच्या नर्सने तांबड्या अक्षरांत टाइप केलं:
कधीच नको.
नऊने सुरू होणाऱ्या आकड्याखाली.

योस्टाइनच्या नव्या नमुन्यात
रुग्णाच्या आकड्याला एकच घर आहे.
गावातला दवाखाना, ट्रोम्सोचं मोठं इस्पितळ, औषधाचं दुकान,
सगळे हाच नमुना भरून एकमेकांना धाडणार.
अकरा अंक, बस, तो म्हणतो, बाकीचं संगणक ओळखेल.

संगणक काय ओळखेल? त्याला अकरा दिसतील.

(नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, म्हणतात.
आस्लाउगला ही म्हण ठाऊक नाही,
तिची एकतीस वर्षं कूळ विचारण्यातच गेली.)

आकड्याशेजारी लिही, तो कुणी दिला.
करखात्याने, की आम्ही,
की त्या रात्रीने.
चालू आहे की जुना, तेही.
घरं चार कर, प्रत्येकाला पाटी लाव,
आणि पाटी वाचून आत जा,
चेहरा बघून नको.

मग यातला खरा कुठला?
सगळेच खरे. म्हणून तर घोळ.

गुरुवारी औद्रोने स्वतःच आली,
पित्ताशयातले खडे काढायचे होते.
काचेपलीकडून आस्लाउगने पडदा तिच्याकडे वळवला.
सत्तावन्न मार्च वाचून ती एवढी हसली
की पोटाला हात लावून खाली बसली.
त्या दिवशी मी काय करत होते सांगू?
कॉडची डोकी छाटत होते. रोजच छाटत होते.
त्रेचाळिसाव्या महिन्यावर नुसते खांदे उडवले.

मग नऊचा आकडा.
बोट काचेवर ठेवून एकेक अंक वाचला,
आपल्या भाषेत, लिथुआनियनमध्ये,
पुटपुटल्यासारखा.

आता कायमचा नंबर आहे तुमच्याकडे, योस्टाइन म्हणाला,
बाकीचे पुसून टाकू का?

पाहुणीचा पुसा, तिचं काय.
हा नको.
त्या रात्री मी कुणीच नव्हते, ती म्हणाली,
तरी कुणीतरी बसून लिहून ठेवलं
मला काय मारू शकतं ते.

आस्लाउगने काहीच पुसलं नाही.
पाहुणीच्या आकड्यापुढे 'जुना' एवढं लिहिलं,
तांबडी ओळ चारही घरांतून दिसेल अशी टांगली,
आणि शस्त्रक्रियेच्या खोलीत फोन करून
ती ओळ तोंडीही वाचून दाखवली. दोनदा.

बाहेर अंधार होता, दुपारी एकपासूनच.
योस्टाइन चौथ्या घरापाशी अडला होता.
पाटीवर आधी त्याने लिहिलं: अज्ञात.
बराच वेळ बघत राहिला.
मग खोडून लिहिलं:
ओळख पटण्याआधीची.

लांब झालं, आस्लाउग म्हणाली,
रकान्यात मावणार नाही.
आणि उठून रकाना वाढवून दिला.